काळ्या गाड्या आणि सुधीरची स्थळं

आमच्या गाळ्यात संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी साचलेल्या असतात. एक म्हणजे पॉलिशने माखलेल्या फडक्यांची बादली, आणि दुसरी म्हणजे दिवसभराचे किस्से. फडकी मी घरी नेऊन मशीनला लावते, सकाळी पुन्हा स्वच्छ. किश्श्यांचं तसं नाही, ते साचतच जातात. माहेरी गेले की बहिणी चहाचं आधण ठेवायच्या आधीच विचारतात, "हं, काय नवीन?" मग काय, मला थांबवायला कोणीतरी लागतं!

आधी धंदा कसला ते सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ठाण्यात कोपरीला आमचा गाळा आहे. मी आणि माझा धाकटा दीर सुधीर, आम्ही दोघं तो चालवतो. माझे यजमान बँकेत आहेत. गाडीला पुढे बोनेट असतं आणि मागे डिकी असते, यापलीकडे ते शिरत नाहीत.

काळी किंवा गडद निळी गाडी असली की तिच्यावर बारीक, गोल गोल ओरखड्यांचं जाळं पडतं. सावलीत कळत नाही. उन्हात गाडी उभी केली की कोळ्याने रात्रभर खपून विणल्यासारखं चमकायला लागतं. इंग्रजीत त्याला स्वर्ल मार्क्स म्हणतात. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा माणूस एकाच फडक्याने सगळ्या गाड्यांची धूळ पुसत जातो, त्याची ही रांगोळी. सुधीर ती काढतो. गाडी नीट धुवायची, मोठ्या दिव्याखाली घ्यायची, मशीनला स्पंजची चकती लावायची आणि एका वेळी हातभर जागा, असं करत करत पुढे सरकायचं. रंगावर जो पारदर्शक थर असतो तो अगदी किंचित उतरवायचा, म्हणजे ओरखडा राहतच नाही. जास्त उतरवला तर खालचा रंगच जातो. त्यामुळे या कामात घाई चालत नाही.

सुधीरला घाई नाहीच. कामात नाही, आणि आईंच्या मते लग्नातही नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्यांचा एकच ध्यास आहे, धाकट्याचे दोनाचे चार हात झालेले बघायचे. देवळात गेल्या की तेच मागतात, आणि सुधीर पस्तिशीकडे निघालाय म्हटल्यावर हल्ली देवाशी जरा चढ्या आवाजातच बोलतात. मुलगा निर्व्यसनी, दिसायला बरा, स्वतःचा धंदा. पण दर वेळी एकाच प्रश्नाला माशी शिंकते. मुलगा करतो काय?

*

वधूवर मंडळाच्या बाईंनी आईंना फोनवर हेच विचारलं.

"गाड्यांवरचे ओरखडे काढतो," आई म्हणाल्या.

"म्हणजे गॅरेज आहे का?"

"छे हो, इंजिनला हात लावत नाही तो."

"मग काय, गाड्या धुतो?"

"धुतो, पण धुणं म्हणजे नुसती सुरुवात. धुतल्यावर तर खरे ओरखडे दिसायला लागतात!"

मग बाई अगदी मायेने म्हणाल्या, "अहो, मग त्याला सांगा ना, हलक्या हाताने धूत जा म्हणून!"

तेव्हापासून आईंनी सुधीरला ताकीद दिली की कुणी विचारलं तर 'ऑटोमोबाईल लाइनमध्ये आहे' एवढंच बोलायचं आणि वडी खायची. पण सुधीरला हे जमत नाही. त्याला कुणी कामाबद्दल विचारलं की तो सगळं सांगतो. अगदी पहिल्यापासून.

पहिलं स्थळ घोडबंदर रोडला, एका टॉवरमधलं. ट्रॅफिकमध्ये आम्ही इतके अडकलो की पोचेपर्यंत आईंना मुलीची पत्रिका तोंडपाठ झाली. मुलीच्या वडिलांनी तो प्रश्न विचारला. सुधीरने शिऱ्याच्या बशीतला चमचा उचलला, ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि म्हणाला, "हे बघा काका, या चमच्यावर कसं गोल गोल जाळं दिसतंय? गाडीवर अगदी असंच असतं."

काकांनी चमचा बघितला. मग स्वतःचा चमचा बघितला. मग ताडकन उठले. "माझी गाडी काळीच आहे. चला खाली!"

दोघं बेसमेंटमध्ये गेले ते गेलेच. वर शिरा गार झाला, चहावर साय धरली. मुलगी बिचारी मला हळूच म्हणाली, "माझा दहावीचा निकालसुद्धा बाबांनी इतका वेळ नव्हता बघितला!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आईंनी देवासमोर हात जोडूनच तो उचलला. काका म्हणाले, "मुलीचं मन काही होत नाहीये हो. बाकी मंडळी चांगली आहात. बरं, गाडी कधी आणू?"

आईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "स्थळ गेलं, गिऱ्हाईक मिळालं."

दुसरं स्थळ डोंबिवलीचं. मुलीने नकार दिला, मुलीच्या मामाने गाडी पाठवली. तिसरं स्थळ पाचपाखाडीतलं. तिथे तर नकार आणि गाडी एकाच दिवशी आले. सकाळी नकार, दुपारी गाडी! त्या संध्याकाळी आईंनी वधूवर मंडळाच्या बाईंना फोन करून ठणकावून सांगितलं, "यापुढे ज्यांच्याकडे गाडी नाही, अशीच स्थळं दाखवायची!"

*

आता आमच्या वाटीची गोष्ट सांगायला हवी. गाळ्याच्या दारात एका स्टुलावर स्टीलची मोठी वाटी ठेवलेली असते. गाडीजवळ जायचं तर अंगठ्या, कडी, घड्याळ, सगळं त्या वाटीत. गाडीवर हात टेकला आणि अंगठी घासली की आमचं दिवसभराचं काम पाण्यात. नियम म्हणजे नियम, गिऱ्हाईक असो नाहीतर त्याची सासू.

वाटीत सगळ्यात आधी जातं ते सुधीरचं घड्याळ. खरं तर ते माझ्या सासऱ्यांचं. पाच मिनिटं पुढे धावतं. घड्याळजीकडे नेऊ का विचारलं तर सुधीर नाही म्हणतो. बाबा ते तसंच वापरायचे, म्हणून हाही तसंच वापरतो. दिवसभर वाटीत, संध्याकाळी मनगटावर. दुसऱ्या कुणी हातात घेतलेलं त्याला आवडत नाही. मी घेते, पण तेही पट्ट्याला धरून. काचेला बोट लागलं की लगेच पुसायला धावतो.

तर एकदा टेंभी नाक्यावरचे एक भाऊ आले. दहीहंडीच्या बॅनरवर असतात ना, तसे. काळी मोठी गाडी, पांढरेशुभ्र कपडे, हातात कडं, आणि बोटं कमी आणि अंगठ्या जास्त! सुधीर त्यांना नम्रपणे म्हणाला, "भाऊ, वाटीत."

भाऊंबरोबरची पोरं दचकली. पण भाऊंनी निमूटपणे एकेक अंगठी काढून वाटीत टाकली. शेवटची एक निघेना. लग्नातली होती ती, बोट वाढलं आणि अंगठी राहिली तेवढीच. सुधीरने गाडी धुवायचा शॅम्पू आणला, बोटाला चोळला आणि सुळकन अंगठी बाहेर! भाऊ त्या जागेकडे बघतच राहिले. म्हणाले, "वहिनी, इथे आपलं बोट आहे हे विसरूनच गेलेलो!"

काम बघून भाऊ खूश होऊन गेले आणि ती नेमकी अंगठी वाटीतच विसरले. घरी पोचतायत तोवर त्यांच्या पत्नीचा मला व्हिडिओ कॉल. "ताई, आमच्या यांची अंगठी खरंच तुमच्याकडे आहे का? की मला गंडवतायत?"

मी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी अंगठी नीट बघितली. चेहरा निवळला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "असू दे तुमच्याकडेच. दोन दिवस सांगू नका मिळाली म्हणून. घरी वेळेवर येतील!"

*

डोंबिवलीचे एक काका आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं असं शुद्ध की आपण उत्तर देताना आपोआप सरळ बसतो. त्यांची काळी गाडी सुधीरने केलेली. न्यायला आले तेव्हा म्हणालेले, "उत्तम. अत्युत्तम!" आणि सुधीरच्या पाठीवर शाबासकीची थाप.

काही महिन्यांनी काका पुन्हा आले ते चेहरा लालबुंद करून. मागोमाग काकू. "सुधीर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही माझी गाडी खराब केलीत. संपूर्ण जाळं आहे तिच्यावर!"

सुधीरने गाडी दिव्याखाली घेतली. जाळं होतं खरं, पण नवं नव्हतं. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसून पुसून पडलेलं. "काका, तुम्ही रोज पुसता का?"

"अर्थातच. कित्येक महिने पुसतो आहे. पण गेल्या आठवड्यापर्यंत यातलं काहीही नव्हतं!"

तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं."

काका आधी गाडीकडे बघून, मग सुधीरकडे बघून, मुख्याध्यापकांना शोभेल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे याआधी मी जे उत्तम म्हणालो, ते..."

"ते तेव्हा उत्तमच होतं काका," सुधीर म्हणाला. "आता परत करून देतो. फक्त पुसू नका."

काकूंना माझ्याकडे मन मोकळं करायचंच होतं. म्हणाल्या, "अगं, डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा आधी मला बघितलं. बराच वेळ बघितलं. चकार शब्द नाही! मग खाली जाऊन गाडी बघितली आणि केवढा आरडाओरडा."

काका पाठमोरे होते, तरी ऐकू गेलंच. वळून म्हणाले, "जिथे सुधारणा शक्य आहे, तिथेच मी बोलतो."

काकू अजून ठरवतायत, ही स्तुती होती की काय!

*

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्यासाठी घाईचा. लोक नव्या गाड्यांना हार घालतात, हाराची तार रंगावर घासते. नारळ फोडताना करवंटीचा तुकडा उडतो. पण एक आजी आल्या होत्या, त्यांच्यासारखं कुणी नाही. नातवाची कोरी करकरीत काळी गाडी. आजींनी बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं, मनोभावे, चांगलं दाबून. आणि बोटात खड्याची अंगठी! कुंकू पुसलं गेलं, स्वस्तिक राहिलं.

नातू म्हणत होता काढा. आजी म्हणत होत्या, "देवाचं चिन्ह घासून काढायचं? माझ्या डोळ्यांदेखत?" गाळ्यात दोघांचं हे चाललेलं आणि सुधीर मशीन हातात धरून उभा.

शेवटी त्याने मशीन खाली ठेवलं, बोनेटला हात जोडले, डोळे मिटले. आजी बघत होत्या. त्यांचा राग थोडा उतरला. त्यांनी विचारलं, "काय रे, हे तुझं यंत्र फिरतं कसं?"

"गोल फिरतं आजी."

"ते कळलं. डावीकडून की उजवीकडून?"

सुधीरने एकदा मशीन चालू करून चकती दाखवली. आजींनी चष्मा नीट केला, बोटाने हवेत दिशा ताडून बघितली आणि खुर्चीवर मागे टेकून बसल्या.

"मग चालेल," त्या म्हणाल्या. "प्रदक्षिणाच घालतोय तो!"

*

सुधीरचा एक दोष मात्र सांगायलाच हवा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. त्याला ओरखडे नुसते दिसत नाहीत, ते कशाने पडले तेही दिसतं. कुत्रा चढला, मुलांनी दप्तर घासलं, कुणी बोनेटवर पिशवी टेकवली. आणि दिसलं की तो लगेच बोलतो. समोर कोण उभं आहे, बोलण्याने कुणाची पंचाईत होईल, असला विचार त्या वेळी त्याच्या मनातही येत नाही.

कळव्याचं एक जोडपं आलं होतं. नवरा गाडीला इतका जपणारा की आम्हालाच सूचना देत होता. सुधीर शिडीवर चढून टपावर दिवा मारत होता. वरूनच म्हणाला, "दादा, टपावर तुम्ही ताटं ठेवता का?"

"ताटं? गाडीवर? वेड लागलंय का मला!"

"नाही, पण ही जेवायच्या ताटाएवढी वर्तुळं आहेत. एका रांगेत. सरकवल्याच्या खुणा पण आहेत."

बायको एकदम छताकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. पण सुधीर थांबतोय कसला! "आणि उन्हाळ्यातली दिसतायत. काळा टप दुपारी चांगलाच तापतो ना."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. तिने पदर खोचला. म्हणाली, "हो, घातले पापड! सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय. तुमची गाडी दिवसभर उन्हात उभी, काय उपयोग तिचा?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर रागाबरोबर आणखी काहीतरी येत होतं. शेवटी तो म्हणाला, "तरीच यंदाचे पापड इतके खुसखुशीत!"

ते निभावलं. पण त्यानंतर मी सुधीरला बसवून सांगितलं, "दिसलं ते सगळं बोलायचं नसतं रे." तो हो म्हणाला. तो नेहमीच हो म्हणतो.

*

आणि मग कल्याणचं स्थळ आलं. मुलीचं नाव केतकी, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. फोटो बघून सुधीर पहिल्यांदाच म्हणाला, "जाऊया." आईंनी त्या एका शब्दावर साखर वाटायचीच तेवढी बाकी ठेवली होती. फक्त एक अडचण होती. त्यांच्याकडे गाडी होती.

"जुनी आहे," मंडळाच्या बाईंनी समजूत घातली. आईंनी सुधीरकडून वचन घेतलं. गाडीचा विषय काढायचा नाही, चमचा उचलायचा नाही, पार्किंगकडे बघायचं नाही. "हे स्थळ गेलं तर मी परत कुणाच्या दारात जाणार नाही रे," त्या म्हणाल्या. सुधीर हो म्हणाला.

बिल्डिंगच्या फाटकातच गाडी उभी. काळी. भर दुपारच्या उन्हात! आईंनी सुधीरचं कोपर धरलं आणि त्याला तिच्यासमोरून तसंच पुढे नेलं.

वर सगळं छान चाललं होतं. साबुदाणा वडे झाले. केतकी डाव्या हाताने चटणी वाढत होती, तर तिची आई म्हणाली, "डावरी आहे आमची, तेवढं चालवून घ्या." आई म्हणाल्या, "अहो, त्यात काय चालवून घ्यायचं!" सुधीर आणि केतकी दोनचार वाक्यं बोललेसुद्धा. तिने विचारलं, "मशीन दिवसभर धरून हात दुखत नाहीत?" आजवर एकाही मुलीने त्याला हे विचारलं नव्हतं. मला आत कुठेतरी वाटलं, जमतंय.

तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "तुम्ही गाड्यांमधले जाणकार. आमची गाडी बघा ना एकदा. गेली कित्येक वर्षं माझ्या एकट्याच्या हातची आहे. घरात कुणाला चावीला हात लावू देत नाही. आणि ॲव्हरेज बघाल तर नव्या गाडीला लाजवेल! गेलं वर्षभर तर फारच सुधारलंय."

आईंनी वडा तसाच बशीत ठेवला.

सगळे खाली उतरलो. सुधीरने सवयीने घड्याळ काढलं. गाळ्यात त्याच्या डाव्या बाजूला वाटीपाशी मी उभी असते. इथे त्या जागी केतकी उभी होती. त्याने न बघताच घड्याळ तिच्या हातात दिलं आणि गाडीवर वाकला. मान तिरकी करून तो बोनेटवरून, दारांवरून हळूहळू फिरत गेला. ड्रायव्हरच्या दाराशी थांबला. कडीच्या मागच्या खोलगट जागेत त्याने मोबाईलचा उजेड मारला.

"काका, गाडी दोघं जण चालवतात," तो म्हणाला.

"नाही हो. मी एकटाच."

"नाही काका. दार उघडताना नखं लागतात ना, ती बघा. ही उजव्या हाताची, जुनी. ती तुमची. आणि ही उलट बाजूने आलेली, बारीक आणि ताजी. ही डावऱ्या हाताची."

आईंनी डोळे मिटून घेतले. केतकीच्या आईने पायातल्या चपलांकडे बघितलं. केतकी मात्र जागची हलली नाही. सुधीरचं घड्याळ तिच्या डाव्या हातात होतं आणि तिच्या वडिलांची नजर त्या हातावरच येऊन थांबली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दुपारी झोपायला लागल्यापासून," केतकी म्हणाली.

"कुठपर्यंत जातेस?"

"आधी कोपऱ्यापर्यंत जायचे. आता भिवंडी बायपासपर्यंत."

"आणि पेट्रोल?"

"मीच भरते, बाबा. म्हणून तर एवढं ॲव्हरेज मिळतं!"

मला हसू आवरेना, पण कुणीच हसत नव्हतं. तिचे वडील तडक जिना चढून वर गेले. सुधीरला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. केतकीकडे बघून तो एवढंच म्हणाला, "चुकलंच माझं." ती काहीतरी बोलणार होती, पण तिची आई तिला वर घेऊन गेली. आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मुंब्र्याच्या पुढे आई म्हणाल्या, "मुलगी चांगली होती." होती, म्हणाल्या. कोपरीला उतरताना सुधीरने मनगट चाचपलं आणि थबकला. घड्याळ केतकीकडेच राहिलं होतं. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "स्थळही गेलं आणि यांचं घड्याळही गेलं," त्या म्हणाल्या. मलाही फार वाईट वाटलं. सुधीर थोड्या वेळाने मला म्हणाला, "वहिनी, तिने घड्याळ पट्ट्याला धरलं होतं. काचेला बोटसुद्धा लावलं नाही." मी फडकी धुवायला गेले.

आठवडाभर काहीच नाही. घड्याळ आणायला जातो म्हणून सुधीर रोज निघायचा आणि चहा पिऊन परत गाळ्यात यायचा. मग एक दिवस केतकीच्या वडिलांचा फोन आला. अगदी कोरडा आवाज. "आमची गाडी करून घ्यायची आहे. कधी आणू?"

आई तिथेच बसल्या होत्या. त्यांना पुढचं ऐकायचंच नव्हतं. "झालं," त्या म्हणाल्या. "आणखी एक गिऱ्हाईक."

ठरल्या दिवशी गाडी आली. हळूहळू, पण अगदी सरळ रेषेत गाळ्यात शिरली. स्टिअरिंगवर केतकी. शेजारी तिचे वडील, खिडकीच्या वरची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. ते उतरले, घाम पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ब्रेक जरा उशिरा दाबते. बाकी बरी चालवते." मग पाणी मागून घेतलं आणि खुर्चीवर बसले. "कामाचं तिच्याशीच बोला. चावी आता तिच्याकडे असते."

केतकी उतरून दाराशी आली. स्टुलावरची वाटी तिने बघितली, तिच्यातल्या माझ्या बांगड्या बघितल्या. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिच्या उजव्या मनगटावर सुधीरचं घड्याळ होतं. ते तिने काढून वाटीत ठेवलं, शेजारी स्वतःची अंगठी ठेवली आणि म्हणाली, "पाच मिनिटं पुढे आहे."

"माहितीये," सुधीर म्हणाला.

"मी लावून घेतलं नाही. म्हटलं, मुद्दाम ठेवलं असेल."

सुधीरने मान हलवली. मग त्याने दिवा लावला. गाडीवरचं सगळं जाळं उजळून निघालं. केतकीने त्याच्यासारखीच मान तिरकी केली. "हे सगळं आधीपासून होतं?"

"होतं. निघेल. दोन दिवस लागतील."

"लागू दे," ती म्हणाली.

त्याने अर्धं बोनेट तिच्यासमोर करून दाखवलं. मध्ये चिकटपट्टी लावून एक बाजू केलेली, एक तशीच. ती वाकून बघत होती, तो सांगत होता. दोघांपैकी कुणीही घाईत नव्हतं. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या, आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. तिचे वडील म्हणाले, "या ना आत, किती वेळ उभ्या राहणार? यांचं लवकर आटपेलसं दिसत नाही."

निघायच्या वेळी केतकी वाटीपाशी आली. अंगठी उचलून बोटात घातली. मग घड्याळ उचललं, पट्ट्याला धरून. ते आपल्या उजव्या मनगटावर बांधलं, बक्कल लावलं, आईंना वाकून नमस्कार केला आणि वडिलांबरोबर रिक्षात बसून निघून गेली.

"अरे सुधीर, घड्याळ!" मी ओरडले.

"असू दे वहिनी," तो म्हणाला आणि त्याने मशीन चालू केलं.

आईंनी वाटीत डोकावून बघितलं, माझ्या बांगड्या तेवढ्या उरल्या होत्या. मग माझा हात घट्ट धरला, पदराने डोळे पुसले आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "गेलं गं! हे गिऱ्हाईक हातचं गेलं!"